आरोग्याचे घड्याळ बांधल्यावरचे पहिले काही आठवडे

माझ्या वडिलांनी वयाच्या ७२ व्या वर्षी पहिल्यांदा स्मार्टवॉच बांधले आणि तिसऱ्याच रात्री, तीनच्या सुमारास, आईने मला हलवून उठवले. बाबा शांत झोपलेले होते. पण आई पाणी प्यायला उठली तेव्हा तिने त्यांच्या मोबाइलवर पाहिले, तर रक्तातल्या ऑक्सिजनच्या रकान्यात ८६ हा आकडा दिसत होता. कोविडच्या काळात ९४ च्या खालचा आकडा म्हणजे काय, हे मुंबईतल्या घराघरांत पाठ झालेले आहे. आम्ही बाबांना उठवले, रिक्षा केली आणि विलेपार्ल्यातल्या जवळच्या नर्सिंग होममध्ये पोहोचलो. तिथल्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावला, तर ऑक्सिजन ९७ निघाला. मग त्यांनी बाबांच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली स्वतःची दोन बोटे अलगद सरकवून दाखवली आणि विचारले, “रात्री हे याच कुशीवर झोपतात का?”

बाबा डाव्या कुशीवर, हात उशीखाली दाबून झोपतात. पट्टा सैल, मनगट दबलेले आणि वरून पंख्याचा गार वारा, या तिन्ही गोष्टींमुळे सेन्सरपर्यंत येणारा प्रकाशाचा संकेत बिघडला होता. बाबांना काही झालेले नव्हते, पण आईचा तो थरकाप खरा होता आणि तो टाळता आला असता. गेली अडीच वर्षे मी घरातल्या तिघांची घड्याळे सांभाळते आहे. त्यातून बसलेली रीत इथे सांगते. तिचा गाभा एकच आहे: कोणताही आकडा एकटा वाचायचा नाही; त्याच्या शेजारी आपला स्वतःचा नेहमीचा आकडा आणि त्या वेळची परिस्थिती असेल, तरच त्याला अर्थ येतो.

घड्याळ नेमके काय मोजते

घड्याळ उलटे करून पाहिले की मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, त्या क्षणी जास्त प्रकाश शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. हा चढउतार मोजून घड्याळ नाडी सांगते. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाश वापरतात, कारण ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात याच तत्त्वावर पल्स ऑक्सिमेट्री उभी केली. बोटाच्या चिमट्यात प्रकाश बोटातून आरपार जातो आणि मनगटावर मात्र तो परावर्तित होऊन यावा लागतो. म्हणून मनगटावरचे काम मुळातच अवघड आहे.

पावले आणि हालचाल मोजणारा ॲक्सिलरोमीटर हा वेगळा भाग आहे. झोप, ताण, खर्च झालेल्या कॅलरी, ‘शरीराचे वय’ अशा ज्या गोष्टी ॲप दाखवते, त्या थेट मोजलेल्या नसतात. नाडी आणि हालचाल यांवरून बांधलेले ते अंदाज असतात. नाडी मोजलेली आहे आणि ताण अनुमानलेला आहे, एवढा भेद मनात पक्का ठेवला तरी निम्मी घबराट कमी होते.

पट्टा कसा बांधावा

मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला जे हाड वर आलेले असते, त्याच्यापासून एक बोट कोपराच्या दिशेने घड्याळ ठेवावे. ते हाडावर आले की मागची काच त्वचेला सपाट टेकत नाही आणि फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. पट्टा इतका घट्ट हवा की हात हलवल्यावर घड्याळ सरकू नये, आणि इतका सैल हवा की काढल्यावर खोल वळ उठू नये. चालायला किंवा पळायला जाताना तो आणखी एक बोट वर घेऊन एक भोक घट्ट करावा आणि परतल्यावर पुन्हा सैल करावा.

आपल्याकडच्या काही गोष्टी माहितीपुस्तिकेत सापडत नाहीत. मनगटाला बांधलेला लाल दोरा घड्याळाखाली आला तर काच त्वचेपासून उचलली जाते. तो दोरा दुसऱ्या हातात बांधावा किंवा घड्याळाच्या खाली, पंजाकडे सरकवावा. बांगड्या आणि पाटल्या घालणाऱ्या स्त्रियांनी घड्याळ बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला घ्यावे, कारण पोळ्या लाटताना बांगडी प्रत्येक वेळी घड्याळावर आपटते आणि तो धक्का हालचाल म्हणून नोंदला जाऊ शकतो. मनगटावर गोंदण असेल तर त्या शाईतून प्रकाश नीट जात नाही. घड्याळ दुसऱ्या हाताला बांधणे हाच उपाय आहे. कोणत्या हाताला बांधले आहे, हे ॲपच्या सेटिंगमध्येही सांगावे लागते.

त्वचेच्या रंगाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की, बोटाचा ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. सावळ्या-काळ्या त्वचेच्या आपल्या माणसांनी हे लक्षात ठेवावे: दम लागतो आहे, ओठ निळसर दिसत आहेत आणि घड्याळ मात्र ९६ म्हणते आहे, अशा वेळी माणसाकडे पाहावे आणि दवाखाना गाठावा. बोटाचा चिमटा वापरताना गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असलेले बोट टाळावे.

आधी हाताने तपासा

घड्याळ आणल्यावर पहिल्या दिवशी ही परीक्षा घ्यावी. खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. ज्या हाताला घड्याळ नाही, त्याचा तळवा वर करून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या घडीपासून किंचित कोपराच्या दिशेने, तर्जनी आणि मधले बोट हलकेच टेकवावे. अंगठा वापरू नये, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते. बोटाखाली टिचकी लागू लागली की भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत ३० सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजावे. हे तीन वेळा करून मनगटावरच्या आकड्याशी ताडून पाहावे. स्वस्थ बसलेले असताना दोन-चार ठोक्यांपेक्षा जास्त तफावत वारंवार येत असेल तर आधी पट्टा तपासावा आणि तरीही येत असेल तर ते उपकरण परत करावे. आईने हे करून पाहिले, तेव्हा तिला पहिल्यांदा त्या यंत्राची भीती वाटेनाशी झाली. तिला स्वतःची नाडी बोटांनी सापडू लागली होती.

पावलांची परीक्षा याहून सोपी आहे. सपाट रस्त्यावर मनात २०० पावले मोजत चालावे आणि फरक पाहावा. नंतर लोकलमध्ये बसून किंवा उभे राहून एक फेरी करावी आणि त्या वेळात किती पावले ‘पडली’ ते पाहावे. बोरिवलीहून चर्चगेटपर्यंत गाडीच्या धक्क्यांमुळे माझ्या घड्याळात काही शे पावले वाढतात. हे एकदा कळले की तेवढी सूट मनातल्या मनात देता येते. वरची कडी धरून उभे राहिले की त्या हातातली नाडीही नीट उमटत नाही. घड्याळ दुसऱ्या हाताला असलेले बरे.

स्वस्त घड्याळ रक्तदाबही दाखवत असेल तर आणखी एक परीक्षा आहे. नॅपकिनची घट्ट गुंडाळी करून त्यावर घड्याळ बांधावे आणि मोजणी सुरू करावी. नाडीच्या बाबतीत चांगले सेन्सरही कधी कधी निर्जीव वस्तूवर फसतात. पण नॅपकिनचा रक्तदाब १२०/८० आणि ऑक्सिजन ९८ असे निरोगी आकडे शांतपणे येत असतील, तर त्या दोन रकान्यांकडे पुन्हा कधीही पाहू नये.

पहिले दोन आठवडे फक्त नोंद

सुरुवातीचे १४ दिवस कोणताही निष्कर्ष काढू नये. आमच्या घरी दुधाचा हिशेब ज्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिला जातो, तिच्याच चौकटीत आई तीन गोष्टी लिहिते: सकाळची विश्रांतीतली नाडी, झोपेचे तास आणि त्या दिवशीचे कारण. कारण म्हणजे ‘एकादशी’, ‘रात्री लग्नाचे जेवण’, ‘मेगाब्लॉक, फार चालणे’, ‘पाहुणे, उशिरा झोप’, ‘सर्दी’ असे दोन-तीन शब्द. ॲपमध्ये आलेख आपोआप तयार होतात, पण त्यात हे कारण नसते आणि कारणाशिवाय आलेख मुका असतो.

प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० धरतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांची याहून कमी असते आणि बीटा-ब्लॉकर प्रकारची गोळी घेणाऱ्यांचीही कमी राहते. पण ही पट्टी इतकी रुंद आहे की तिचा रोजच्या जगण्याला उपयोग फारसा नाही. ज्याची नेहमीची नाडी ६२ आहे, त्याची सलग तीन दिवस ७४ राहिली तर ती ‘सामान्य’ पट्टीत बसूनही त्याच्यासाठी असामान्य आहे. आमच्या घरचा ठोकताळा असा आहे की नेहमीपेक्षा दहा ठोके जास्त, सलग तीन सकाळी आणि दिनदर्शिकेत काही कारण नाही, असे झाले की थर्मामीटर काढायचा. मागच्या पावसाळ्यात आईची नाडी अशी वर गेली आणि चौथ्या दिवशी तिला ताप भरला. तो कशाचा होता, हे घड्याळाने सांगितले नाही आणि सांगूही शकत नाही. मलेरिया, डेंग्यू की साधा विषाणूजन्य ताप हे रक्ताच्या तपासणीनेच कळते. पण त्यामुळे ती तपासणी आम्ही पहिल्याच दिवशी केली.

उपवासाच्या दिवशी पाणी कमी प्यायले गेले, ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम फार गेला, रात्री उशिरा जड जेवण झाले किंवा मद्य घेतले, तरीही नाडी वर राहते. हे पाच-सहा वेळा स्वतःच्या अक्षरात लिहिलेले पाहिले की माणूस आपणहून शहाणा होतो.

ताणाचा आकडा

या एका आकड्यावरून सर्वांत जास्त गैरसमज होतात, म्हणून इथे जरा थांबते.

नाडी ६० असली तरी दोन ठोक्यांमधले अंतर दर वेळी बरोबर एक सेकंद नसते, एकदा ०.९५ सेकंद, एकदा १.०४ सेकंद, असे ते मागेपुढे होत राहते. श्वास आत घेताना हृदय किंचित वेगाने चालते आणि सोडताना मंदावते. या चढउताराला हृदयगतीतील विचलन म्हणतात. ॲपमध्ये ते एचआरव्ही या नावाने मिलिसेकंदांत दिसते. शरीर निवांत असते तेव्हा व्हेगस या मज्जातंतूचा अंमल जास्त असतो आणि हे विचलन वाढते. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज झाले की ते घटते. बहुतेक घड्याळे ताणाचा आकडा मुख्यतः यावरून काढतात.

आता दादरच्या पुलावर संध्याकाळी साडेसहा वाजता जे होते ते पाहा. तुम्ही पायऱ्या चढता, गर्दीत अंग चोरता, घामाने निथळता आणि घड्याळ ‘ताण जास्त’ असे सांगते. हाच आकडा गणपतीच्या मिरवणुकीत मनापासून लेझीम खेळतानाही येऊ शकतो, ताप येण्याआधी येतो, कडक कॉफीनंतर येतो आणि वरिष्ठांचा फोन आल्यावरही येतो. शरीर उत्तेजित आहे एवढेच घड्याळाला कळते. ते आनंदाने, उन्हाने की दुःखाने, हे त्याला कळत नाही. काही उपकरणे त्वचेच्या विद्युतवाहकतेवरून ताण ओळखतात. ती वाहकता घामावर अवलंबून असते आणि मे महिन्यातल्या मुंबईत घामाला मनःस्थितीचे निमित्त लागत नाही.

म्हणून दिवसभरातला ताणाचा आकडा मी पाहत नाही. रात्री झोपेत मोजलेले विचलन पाहते, कारण त्या वेळी हालचाल, जिने आणि चहा यांची भेसळ नसते. आणि तेही एका रात्रीचे न पाहता सात दिवसांची सरासरी मागच्या महिन्याच्या सरासरीशी ताडते. नवऱ्याचा किंवा मैत्रिणीचा आकडा आपल्या दुप्पट असला तरी त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. वय, प्रकृती आणि व्यायाम यांप्रमाणे तो माणसागणिक फार बदलतो.

या आकड्याचा एक चांगला उपयोग आहे आणि तो प्रत्यक्ष करून पाहण्यासारखा आहे. शांत बसून पाच सेकंद श्वास आत आणि पाच सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, असे पाच मिनिटे करावे आणि त्या वेळात नाडीचा आलेख उघडा ठेवावा. श्वासाबरोबर नाडी लाटेसारखी वरखाली होताना डोळ्यांनी दिसते. माझ्या मैत्रिणीला रात्रपाळीनंतर झोप लागत नसे. दीर्घ श्वसन कर, असे तिला बरेच जण सांगत आले होते, पण ती लाट पडद्यावर पाहिल्यावरच तिने ते रोज करायला घेतले.

आणि आकडा चांगला असूनही मन खचलेले असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मोबाइलमध्ये जतन करून ठेवावा.

झोप

झोपेचे टप्पे खऱ्या अर्थाने मोजायचे तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या विद्युतलहरी टिपाव्या लागतात. मनगटावरचे घड्याळ हालचाल आणि नाडी यांवरून झोप ओळखते. त्यामुळे तुम्ही अंधारात निश्चल पडून विचार करत असलात तरी ते बऱ्याचदा त्याला झोप समजते. एकूण किती तास झोपलात याचा अंदाज बऱ्यापैकी जमतो, पण ‘गाढ झोप ४७ मिनिटे’ या वाक्यातल्या मिनिटांना फार महत्त्व देऊ नये. झोपेचे गुण वाढवण्याच्या काळजीनेच झोप उडालेली माणसे डॉक्टरांकडे येऊ लागली, तेव्हा २०१७ साली या अवस्थेला ऑर्थोसोम्निया असे नावही दिले गेले. सकाळी उठल्यावर आधी स्वतःला विचारावे की झोप झाली का, आणि मग ॲप उघडावे. हा क्रम उलटा झाला की घड्याळ सांगेल तसे वाटू लागते.

मोठे घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा गाडीत बसल्या बसल्या डोळा लागणे, हे तिन्ही असेल तर मात्र घड्याळाने काहीही सांगो, झोपेची तपासणी करून घ्यावी.

रक्तदाब, साखर आणि ईसीजी

रक्तदाबासाठी दंडाला बांधायच्या फुगणाऱ्या पट्ट्याचे, म्हणजे ‘कफ’चे यंत्रच घ्यावे. पाच मिनिटे शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, मांडी न घालता, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावे आणि लिहून ठेवावे. काही महाग घड्याळे रक्तदाबाचा अंदाज देतात, पण त्यांनाही ठरावीक दिवसांनी कफच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. घड्याळाच्या आकड्यावरून गोळी अर्धी करणे किंवा सोडणे हे कोणीही करू नये.

साखरेबद्दल तर शंकेला जागाच नाही. त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजण्याचा दावा करणारे कोणतेही घड्याळ किंवा अंगठी आपण मान्य केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. बाजारात असा दावा करणारी उपकरणे दिसतात. मधुमेही माणसाने त्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरवली तर जिवावर बेतू शकते. दंडाला चिकटवायचा सेन्सर ही वेगळी वस्तू आहे: त्याचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली जातो, तो पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि काही प्रकार १४ दिवस चालतात. त्याचा आकडा रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटे मागे असतो, म्हणून हातपाय थरथरत असताना सेन्सर ‘ठीक’ म्हणत असेल तर बोट टोचून खात्री करावी. घामाने त्याची चिकटपट्टी सुटते. लावण्याआधी दंड साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा.

ईसीजीची सोय असलेल्या घड्याळात ३० सेकंद बोट टेकवून एका लीडची, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहणारी, पट्टी काढता येते. टेबलावर हात टेकून, बोटे कोरडी करून, न बोलता ती काढावी. ठोक्यांची लय बिघडलेली आहे का, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित थरथरणे, आहे का, हे ती सुचवू शकते. या विकारात पक्षाघाताचा धोका वाढतो आणि पुष्कळांना तो जाणवतही नाही, म्हणून असा इशारा आल्यास पट्टीची पीडीएफ घेऊन डॉक्टरांकडे जावेच. पण हृदयविकाराचा झटका ही पट्टी ओळखत नाही. रुग्णालयात बारा लीडचा ईसीजी काढतात तो यासाठीच. छातीत दडपण, घाम, जबड्यात किंवा हातात कळ, असे काही मिनिटे राहिले तर घड्याळाकडे पाहण्यात एक क्षणही घालवू नये. १०८ ला फोन करावा.

पेसमेकर बसवलेला असेल तर चार्जर आणि चुंबकाचे पट्टे छातीपासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत. शरीरातील चरबी मोजणारी जी सोय सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडते, ती अशा रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी वापरू नये.

चालणे

दिवसाला दहा हजार पावले हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावले मोजणारे यंत्र, या पावलेमापकाच्या नावातून तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस वेळेत आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम. शिवाजी पार्कला फेऱ्या मारताना सोबत्याशी बोलता येते आहे पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग म्हणजे मध्यम श्रम. पळताना नाडीचा आकडा अचानक १६०-१७० वर जाऊन अडकला आणि दम मात्र तेवढा लागलेला नसेल, तर घड्याळ पावलांचा ताल नाडी म्हणून मोजत असण्याची शक्यता असते. थांबून पट्टा वर सरकवावा.

पावसाळा आणि पट्ट्याखालची त्वचा

जून ते सप्टेंबर या काळात पट्ट्याखाली लाल चट्टे उठल्याच्या तक्रारी फार येतात आणि लोक त्याला ॲलर्जी म्हणतात. बहुतेकदा कारण असते ते अडकलेले पाणी, साबण आणि घाम. आंघोळीनंतर घड्याळ काढून साध्या पाण्याने पट्टा धुवावा, मनगट टिपावे आणि तासभर दोन्ही गोष्टींना हवा लागू द्यावी. चार्जिंगसाठी हाच तास वापरावा, मात्र चार्जिंगच्या पिना कोरड्या केल्याशिवाय चार्जर लावू नये. कापडी पट्टा पावसाळ्यात वाळत नाही, म्हणून त्या चार महिन्यांत सिलिकॉनचा वापरावा. चट्टा राहिलाच तर घड्याळ पूर्ण बंद ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. घड्याळ पाण्यात टिकते हे सांगणारी ‘५ एटीएम’ ही खूण प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाची आहे. गरम पाणी आणि वाफ यांनी आतले रबर लवकर झिजते. जुहूच्या समुद्रात हात बुडवला तर घरी येऊन घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे.

सूचना आणि माहिती

नवे घड्याळ तासातासाला काहीतरी सांगत असते. आमच्याकडे तीनच सूचना सुरू ठेवल्या आहेत: विश्रांतीत नाडी फार वर किंवा खाली जाणे, अनियमित लय आणि पडल्याची सूचना. न्हाणीघरात पाय घसरण्याचे वय असलेल्या बाबांसाठी शेवटची सूचना सर्वांत मोलाची आहे. तिथे आपत्कालीन संपर्क म्हणून माझा आणि शेजारच्या काकूंचा क्रमांक घातला आहे, कारण मी बाहेर असले तर मला पोहोचायला वेळ लागतो आणि काकू दार ठोठावू शकतात.

ॲपमध्ये साठणारी माहिती ही आपल्या शरीराची माहिती आहे. फिरण्याच्या नकाशावरून आपले घर आणि बाहेर पडायची वेळ कोणालाही कळते, म्हणून तो ‘सर्वांसाठी खुला’ ठेवू नये. कार्यालयाच्या पावलांच्या स्पर्धेत सहभागी होताना झोप, पाळी आणि नाडी यांची परवानगी काढून घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा आणि आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिलेला आहे.

डॉक्टरांकडे काय न्यावे

बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांपाशी एका रुग्णासाठी मोजकी मिनिटे असतात आणि त्यांच्या हातात मोबाइल देऊन आलेख सरकवत बसणे हे त्यांच्यावर आणि मागच्या रांगेवर अन्यायाचे आहे. एका कागदावर महिन्याची चार वाक्ये लिहून न्यावीत: विश्रांतीतली सरासरी नाडी किती होती, ती कधी आणि किती दिवस बदलली, त्या काळात काय जाणवत होते, कोणत्या गोळ्या सुरू आहेत. कफच्या यंत्राचे रक्तदाबाचे आकडे वेगळ्या ओळीत लिहावेत. घड्याळाने दिलेली ‘ताण ७८’ किंवा ‘शरीराचे वय ६५’ अशी वाक्ये त्या कागदावर घेऊ नयेत.

मागच्या तपासणीला आईने दिनदर्शिकेवरून असा कागद बाबांसाठी तयार केला होता. नाडी ६६ वरून ७३, नऊ दिवस, आणि समोर तिच्या बारीक अक्षरात ‘जिना चढताना दम’. डॉक्टरांनी नाडीच्या आकड्यांवरून नजर फिरवली, त्या तीन शब्दांवर पेन टेकवले, बाबांना “कितव्या मजल्यापर्यंत?” असे विचारले आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून दिली.